राहीच्या पोटातला पीळ

भिंगार, १९ फेब्रुवारी १९७१

ती. आईच्या पायांवर छगनचे डोके.

मी मावशीकडे उतरलोय, राही दवाखान्यात आहे, काळजी करू नकोस. आईवाचून बाळी वरचं दूध घेते का? रात्री रडते का?

इथेही पोटाच्या पहिल्या एक्स-रे फोटोत काही दिसलं नाही. राही दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणं नेहमीसारखं थांबलं होतं. मग डॉक्टर म्हणाले, "कळ आलेली असतानाच फोटो काढायला हवा. दवाखान्यातच राहा, हिला पोटभर जेवू द्या." आई, आपल्याच बायकोला कधी दुखतंय याची वाट बघत बसलो.

काल दुपारी भाकरी खाल्ली आणि ती कळवळायला लागली. नुसते उमासे येत होते, बाहेर काही पडेना. तशातच तिला खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून फोटो काढला. त्यात जठर उलटं फिरलेलं दिसलं. ते मधूनच पिळतं आणि आपोआप सुटतं, म्हणून कुणाला सापडत नव्हतं. एखाद्या वेळी सुटलं नाही तर जिवावर बेतेल. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर हुशार आहेत.

फोटो बघून राही रडली. मला वाटलं, भ्याली. तर म्हणाली, "आत्याबाईस्नी कळवा, मी सोंग करत न्हवते."

रागावू नकोस, तिने तुला कळवायला सांगितलं तसंच लिहिलं.

पत्र पोचेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. राही म्हणते, म्हाताऱ्या माणसाला एस.टी.चा त्रास कशाला. पण आई, तू ये. बाळीला घेऊन ये.

तुझा,
छगन