सहदेवच्या नावाचं पाणी

सोमवार, २ मार्च १९८७

आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे वही सुरू करायला मोकळा. शेठला आयटीआयचं जे सर्टिफिकेट दाखवलं ते माझं नाही. चुलतभावाचं आहे. तो नंदकुमार, मी नंदकिशोर. 'कुमार'वर चहा सांडलाय. सांडला म्हणजे मीच सांडला. शेठ चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, राहू दे, हात चालतो ना? म्हटलं, चालतो काय, पळतो.

तर लागलो कामाला! साकीनाक्याच्या गल्लीत बॅटरीचं वर्कशॉप. पत्र्याची शेड, पुढे अंगण, शेजारी लेथवाले. घाटकोपरला मी आतेकडे राहतो. तिने देवापुढे पेढा ठेवला आणि आरती व्हायच्या आत अर्धा स्वतःच खाल्ला.

रिक्षा-टेम्पोच्या बॅटऱ्या तर रोजच्याच. पण सध्या अंगणात एक जीप उभी आहे यार, काय सांगू! सर्व्हेवाल्यांची आहे, कच्छच्या रणात जाणार. तिच्या टपावर उन्हावर करंट बनवणारी काच बसवायचीय. दरवाजाएवढी निळी काच. ऊन पडलं की करंट चालू. डिझेल नको, डायनॅमो नको. त्या करंटवर मागची जादा बॅटरी भरायची आणि त्या बॅटरीवर वायरलेस चालवायचा. रणात गाडी रुतली तर वायरलेसवर बोंब मारायची, दुसरा आधार नाही.

हे सगळं अण्णांनी सांगितलं. अण्णा आमचे हेडमिस्त्री, मालवणचे. आधी गिरणीत होते, संपानंतर इकडे आले. ॲसिडने बोटं हळदीसारखी पिवळी झालीत. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "मेल्या, हसतंस कित्याक इतको? ॲसिड हा ता, सरबत न्हय."

५ मार्च

आज माझा पोपट झाला.

जीपचा ड्रायव्हर सहदेव. चारकोपला राहतो, झुपकेदार मिशा, सदा तोंडात बडीशेप. माझ्या हातात झाकणाचा डबा दिला आणि म्हणाला, अण्णांनी सांगितलंय, लेथवाल्याकडून पाव किलो करंट आण, झाकण घट्ट लाव, उडतो. अण्णांचं नाव घेतलं म्हणून मी गेलो. लेथवाला म्हणाला, आमच्याकडचा आत्ताच संपला, वेल्डरकडे बघ. वेल्डरने पुढे रेडिएटरवाल्याकडे पाठवलं. पाच दुकानं फिरलो, एकाच्याही तोंडावर हसू नाही! शेवटी डबा भरून मिळाला. उघडला तर आत वाळू, वर चिठ्ठी: 'उडाला'.

आता सगळी गल्ली मला 'पाव किलो' म्हणते. चहावालासुद्धा. अरे, मी मास्तरांच्या छत्रीत खाजकुयली भरलेला माणूस! सहदेवला असा धडा देईन ना, मिशी पिळायचं विसरेल.

९ मार्च

काच बसली. अण्णांनी डायोड शिकवला. वाटाण्याएवढा असतो, पण करंटचा दरवान. एकाच दिशेने जाऊ देतो. काचेकडून बॅटरीकडे जा म्हणतो, परत नाही. आणि उलटा लावला तर? अण्णा म्हणाले, मग बॅटरीत टिपूस जाणार नाही.

मीटर काचेच्या बाजूला आहे, काचेचा जोर दाखवतो, बॅटरीचा नाही. ऊन पडलं की काटा अठरा व्होल्टवर. अण्णांचे कथलाचे टाके बघत राहावे असे, साबुदाण्यासारखे गोल. मी मारलेला टाका बघून म्हणाले, "ह्यो टाको काय शेणाचो पो?"

शुक्रवार, १३ मार्च

झालं! शिमग्याची गंमत.

सगळे जेवायला गेले तेव्हा डायोडच्या डबीचे चार स्क्रू काढले, टाके सोडवून डायोड उलटा जोडला, परत बंद. पाच मिनिटं. काटा तसाच अठरावर, ऐटीत. बॅटरी आत्ता फुल आहे, चार दिवस काही कळणार नाही. पुढच्या आठवड्यात बोरिवलीच्या जंगलात सर्व्हेच्या साहेबासमोर ट्रायल आहे. तेव्हा वायरलेस मुका, साहेब सहदेवला झापतोय, आणि मी जाऊन दोन मिनिटांत चालू करणार. मग बघू पाव किलो कोण ते.

आज रात्रीच्या गाडीने गावी, शिमग्याला.

१९ मार्च

अंगण रिकामं आहे.

साहेबाला वरून घाई झाली. ट्रायल रद्द. जीप सोमवारीच गेली, थेट रणात.

सहदेव माझी वाट बघत होता म्हणे. माझ्यासाठी एक टेस्टर ठेवून गेलाय, नवा, लाल मुठीचा. अण्णांना म्हणाला, पाव किलोला द्या, पोरगा तेज आहे, चिडतो फक्त.

तार करता येईल. साहेबाच्या ऑफिसात पत्ता आहे. पण मग विचारतील कुणी केलं, आणि सर्टिफिकेटही निघेल. उद्या सांगतो अण्णांना.

२० मार्च

नाही सांगितलं. तिथे त्यांच्या दोन गाड्या आहेत. होत नाही काही.

१६ एप्रिल

सहदेव गेला.

तोवर दोन्ही गाड्या बरोबरच होत्या, जीपचा वायरलेस कुणी फारसा वापरला नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या गाडीतून साहेब तळावर गेला होता. जीप मिठाच्या चिखलात रुतली. सहदेव एकटाच जीपपाशी. वायरलेसवर हाक मारली की न्यायला येणार होते. हाक आलीच नाही. मग वादळ झालं, शोधणारे भलतीकडे गेले. चौथ्या दिवशी सापडला, जीपच्या सावलीत.

दुपारी शेड बंद ठेवली. मी घरी आलो आणि जेवलो. कसा जेवलो कुणास ठाऊक.

सोमवार, २० एप्रिल

ट्रकवरून जीप आली. पुढच्या सर्व्हेसाठी तयार करायचीय.

चाकं, दारं, सीट, सगळं मिठाने पांढरं. टपावरची काच तेवढी लख्ख. साहेब म्हणाला, सापडला तेव्हा त्याचं बनियन काचेवरच होतं. काटा अठरावर बघून त्याला वाटत असणार, करंट येतोय, अजून थोडा येऊ दे. रोज पुसत बसला असणार.

मग अण्णांनी मागची बॅटरी उघडली. उघडायची गरजच नव्हती. सहाही बुचं काढलेली, कप्पे कोरडे. अण्णा मटकन खाली बसले. मला समजेना. म्हटलं, सांडलं असेल. अण्णा म्हणाले, सांडूक नाय रे. प्यालो तो.

साहेब लिहायला बसला. बॅटरी उतरली कशी? अण्णा म्हणाले, माझं काम चोख होतं. साहेबाने माझ्याकडे बघितलं. आणि माझी जीभ, जी नेहमी माझ्याआधी धावते, ती बोलली: त्याच्याकडे कॅसेट प्लेअर होता, याच बॅटरीला जोडून गाणी ऐकायचा.

साहेबाने लिहून घेतलं. 'चालकाचा हलगर्जीपणा.'

२२ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत डायोड सरळ केला. आता कुणी उघडलं तरी काही सापडणार नाही.

चारच्या सुमाराला सहदेवची बायको आली, मालनवहिनी. अंगणात जीपला हात लावून उभी राहिली. कुणी म्हणालं बसा, तर बसली नाही. म्हणाली, त्यांच्याकडे साधा रेडिओ नव्हता, गाणी कसली ऐकतायत? कंपनीच्या कागदावर लिहिलंय ते दोन दिवसांत वस्तीभर झालं, पोराला शाळेत चिडवतात, तुझ्या बापाने गाणी ऐकत जीव घालवला. मग सगळ्यांकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, ज्याने हे केलं त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरू नये. माझ्या माणसासारखाच जाऊ दे तो.

मी खाली बघून टेस्टर पुसत होतो.

२३ एप्रिल

तहान लागलीय. माठातलं सहा पेले प्यायलो. पोट डबडबलं, घसा कोरडाच. उन्हाळा आहे, होतं असं.

२४ एप्रिल

पाणी खारट लागतं. आतेला प्यायला दिलं, ती म्हणते गोड आहे, तुझी जीभ बिघडली.

जीपची नवी बॅटरी काल मी भरली होती, डिस्टिल्ड वॉटर अगदी खुणेपर्यंत. आज कप्पे कोरडे. अण्णा म्हणाले, चार्जिंग जास्त झालं की पाणी पिते बॅटरी. पण अण्णा, चार्जिंगला लावलीच नव्हती.

२५ एप्रिल

जीप शेडमध्ये आत आहे. काचेवर ताडपत्री, वर पत्रा. भर दुपारी, साडेबाराला, मी एकटाच होतो. काटा हलला. शून्यावरून वर, वर, अठरावर. अंधारात. तिथेच थरथरत उभा.

ताडपत्रीखालून आवाज येत होता. कापडाने काच पुसल्यासारखा. थांबत नव्हता.

२६ एप्रिल

ड्रायव्हरच्या सीटवर मीठ. सकाळी झाडलं होतं. माणूस बसल्यासारखा खोलगट ठसा आणि कडेने पांढरं.

आता पाणी गिळताच येत नाही. तोंडात घेतलं की घसा मिटतो. नाकातून बाहेर. बर्फ, चहा, उसाचा रस, सगळं करून बघितलं. डॉक्टरने टॉन्सिल बघितले, म्हणाला काही नाही, भीती बसलीय. सुई लावून बाटली चढवली. सुईच्या भोकातून पाणी परत बाहेर आलं, उशी भिजली. डॉक्टरने सुई काढली. फी घेतली नाही.

२७ एप्रिल

वहिनीला सगळं सांगून टाकायचं म्हणून चारकोपला गेलो. पाय ओढत. दुपारचा एक वाजला होता. तिने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत आत गेली, भरलेला पेला आणून हातात दिला. म्हणाली, उन्हातून आलास, आधी पाणी पी.

उतरलं.

गोड. गार. पूर्ण पेला गेला. मी तिच्या दारात रडलो. तिला वाटलं सहदेवसाठी. म्हणाली, वर्कशॉपमधून तू एकटा आलास रे, बाकी कुणी फिरकलं नाही.

सांगायचं राहिलं.

२८ एप्रिल

घरी परत तेच. थेंब जात नाही. दुपारी चारकोपला गेलो. पेला. उतरला.

३० एप्रिल

रोज जातो. आज विचारलं, वहिनी, हे पाणी कुठलं? तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. खाली पाटावर पेला ठेवते. तहानेने गेला ना माणूस, म्हणून रोज त्याच्या नावाचं पाणी. दुपारी दारात जो पहिला येईल त्याला द्यायचं, म्हणजे गेलेल्याला पोचतं. म्हणाली, रोज तूच येतोस. त्याचा जीव होता तुझ्यावर.

फोटोतल्या सहदेवचे ओठ फुटलेत. आधी नव्हते. काल तर नव्हतेच.

२ मे

त्याच्या वाटणीचं पितोय. दुसरं जातच नाही.

सांगितलं तर ती पेला देणार नाही. नाही सांगितलं तर रोज तिच्यासमोर बसून, तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून — आज पोराने विचारलं, काका, बाबा गाणी ऐकत होते का? मी पाणी पीत होतो. पेला तोंडाला होता. मान हलवली. कुठल्या बाजूने ते मलाच —

फोटोत मिशीवर मीठ.

४ मे

आज पोस्टमन माझ्याआधी आला. पेला त्याला गेला. वहिनीने मला माठातलं दिलं. सगळं अंगावर ओकलो. उद्या अकरालाच जाऊन बसेन. दारात कुणाला येऊ देणार नाही.

वर्कशॉपात पाऊल टाकलं की काटा वर जातो. दुपार लागत नाही आता. मी आलो की जातो.

६ मे

अण्णांनी डबी उघडली.

टाका बघितला. म्हणाले, ह्यो माझो न्हय. ह्यो शेणाचो पो माका ठावक हा. आणि बघितलं माझ्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, खरां सांग, तूच केलंस मा?

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली. 

म्हणाले, त्या बाईच्या घोवाचा नाव खराब केलंस. उद्या दुपारी मी जातंय चारकोपला. आधी तिका सांगतंय, मग सायबाक.

७ मे

अकरा वाजता. तिच्या दाराबाहेर जिन्यात. दार आतून बंद. अजून ठेवला नसेल पेला. दुपारी ठेवते.

कालपासून थेंब नाही. ओठातून रक्त पण येत नाही, नुसती भेग. हातावर पांढरं आलंय. चाटलं. मीठ.

साडेबारा वाजले असतील. खाली अण्णांचा आवाज. बिल्डिंग नंबर विचारतायत कुणाला तरी.

जिन्यात माझ्यामागे कुणीतरी काच पुसतंय. इथे काच नाही.

वही कुणाला मिळाली तर — अण्णांना एक दिवस थांबवा. एकच. उद्या मी स्वतः सांगेन, शपथ. सहदेवचं नाव धुऊन देईन. आजचा पेला होऊ दे आधी.

अण्णा दुसऱ्या मजल्यावर. धाप लागलीय त्यांना.

आत भांडं वाजलं. ओततेय ती. ऐकू येतंय. भरतोय पेला.

पाया पडतो, कुणाला सांगू नका. साहेबाला नको, आतेला नको. वहिनीला तर नकोच. कुणालाच नको, नुसता एक पेला, तो पिऊन झाला की मग —

कडी निघाली. वहिनी दारात. हातात पेला आहे, पण ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागे बघतेय, आणि म्हणतेय, अहो, तुम्ही आलात, घ्या ना, तुमचंच —