नावाची मोकळी जागा

३ नोव्हेंबर
या रेकॉर्डरची बटणं मसुराच्या दाण्याएवढी आहेत. करणाऱ्याला आजी नसावी. असो. आज नारिनला नातीकडे, बुरुलकडे राहायला आले. घर उबदार, चहा दुधाळ, कणकेचे तळलेले बोर्सोक जरा कच्चे. चाळीस वर्षं मी मयताच्या घरी शोकगीतं गातेय, ती तिला संग्रहालयासाठी साठवायचीत. यंत्र बाजारातलं, स्वस्तातलं. नोंदींना ही वही. चौथीपर्यंतचं अक्षर चालेल म्हणाली.

५ नोव्हेंबर
गुण आधी. काडेपेटीएवढा आहे, एका सेलवर आठवडा जातो म्हणे, जवळचा आवाज स्वच्छ. अवगुण: आवाज झाला की आपणहून सुरू होतो, पण उठायला आळशी. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गिळतो. माझी तर प्रत्येक ओळ मेलेल्याच्या नावानं सुरू होते.
मयत नसताना ही गीतं गात नाहीत, असं बुरुलला बजावलं. ती हसून म्हणाली, आजी, डब्याला काय कळतंय. गायले. नावाच्या जागी गप्प राहिले.

७ नोव्हेंबर
आज ऐकलं. मोकळ्या जागेत नाव आहे. बुरुल. आवाज माझा. मी ते म्हटलेलं नाही. पुसलं, परत आलं. पुसायचं बटण नुसतं शोभेचं. बुरुल म्हणते, स्वस्त माल, जुनं काहीतरी मिसळलं असेल. नव्या यंत्रात जुनं कुठून?

८ नोव्हेंबर
दुपारी दुकानात गेले होते. परतले तर डब्याचा लाल दिवा चालू. ऐकलं — दारातून मीच बुरुलला हाक मारतेय.
ती कामावरून तापानं फणफणत आली. विचारते, आजी, दिवसभर तिथे दारात येऊन हाका कसल्या मारत होतीस? ओ दिलीस का, म्हटलं. दोनदा, म्हणाली.

९ नोव्हेंबर
सेल काढला. दिवा तसाच.
ताप हटत नाही. पाणीसुद्धा ओठाबाहेर. जागा भरायचीच असेल तर दुसऱ्या नावानं भरेन. माझं घालून गायले — काकिश. गिळलं. तीनदा गायले, तीनदा गिळलं. मेला आळशी डबा —

१० नोव्हेंबर
आधी खोकायचं, मग नाव. जमलं. खोकला गिळला, काकिश राहिली.
बुरुल रस्सा प्यायली. झोपलीय, माझ्यासमोर.
दारात हाक. आजी, म्हणतेय. आवाज बुरुलचा —
पुन्हा.
बुरुल, उठलीस तर हे वाच. दारातल्या हाकेला तू ओ द्यायची नाहीस. ती माझी आहे. ओ मीच दे—