शून्याखाली विहीर खणता येत नाही

तीर्थरूप अनंतादादा,

जोगेश्वरीहून तुझ्या धाकट्या बहिणीचा, नलिनीचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतोस की बाटली नुसतीच उशाशी ठेवून झोपतोस? वहिनीने पाठवलेली आमसुलं पोचली (अर्धी शेजारी वाटली, हे तिला सांगू नकोस). मी ठणठणीत आहे, फक्त उजवं मनगट ठणकतंय. ते का, हेच सांगायला बसले आहे.

चिरेखाणवाल्याला आपला सडा हवाय, दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय आणि मुंबईतले सगळे हिस्सेदार 'देऊन टाका' म्हणतायत, असं तू लिहिलंस. ते वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणणारच रे ते! ते कातळाचं पठार, आपला सडा, पाहिलाय कोणी? आपला चुलतभाऊ सुबोध मुलुंडलाच जन्मला, मुलुंडलाच टक्कल पडलं. गावाला येतो तो गणपतीपुरता, आरती झाली की मोबाइलला रेंज शोधत फिरतो. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. म्हटलं, ही माणसं सड्यावर चढत नसतील तर सडाच त्यांच्यापुढे आणून ठेवू. सुबोधची लेक दिशा कॉम्प्युटरवरचे गेम बनवायला शिकते. तिने तिचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकलं आणि म्हणाली, "आत्या, सोप्पंय गं. ब्रश फिरवलास की डोंगर वर येतो."

येतो ना! पण कसा येतो? ब्रश गोल, म्हणून डोंगरही गोल. आपला सडा वरून सपाट, कडेला तुटलेला. माझ्या हातून मात्र ओळीने रव्याचे लाडू तयार झाले. कडा उभी करायला गेले तर कातळाचं चित्र जुन्या बनियनसारखं ताणलं गेलं. मग म्हटलं, थोडं गुळगुळीत करावं. त्याचंही एक बटण आहे. ते दाबून धरलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून ओट्याकडे बघितलं (बोट बटणावरच राहिलं). वळून पाहते तर सडा गायब! खाणवाल्याला जे करायला दोन वर्षं लागतील ते मी एका पातेल्याच्या दुधात करून दाखवलं. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्यात आधी देव, मग बाकी सगळं. त्यामुळे मी कोऱ्या जमिनीवर पहिल्यांदा राखणदाराचा दगड ठेवला, मग आपलं घर, मग विहीर खणायला घेतली. तर खणलीच जाईना. दिशा म्हणाली, जमीन शून्यावर आहे आणि शून्याखाली हे यंत्र जात नाही. खोल जायचं असेल तर आधी सगळी जमीन वर उचलायची, मग खणायचं. मी उचलली, तीस मीटर. जमीन वर आली, पण घर आणि राखणदार होते तिथेच राहिले. तीस मीटर खाली गाडला गेला रे राखणदार! नारळ फोडला, खुर्चीवरच हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, चेडवाक कळाक नाय, चूक पदरात घे," आणि पुढे 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हतं म्हणून तेही मीच म्हटलं. मग देवाला वर काढलं.

आणि गुहा? ती तर होतच नाही. प्रत्येक जागेला एकच उंची, म्हणजे खाली जमीन आणि वर छप्पर असं चालत नाही. इथे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर लेणी आहेत, कोण्या काळी माणसांनी छिन्नीने अख्खा कातळ आतून पोखरला. या सॉफ्टवेअरला उंदराचं बीळ जमत नाही.

उचललेल्या जमिनीत खणलेली विहीरही परातीसारखी पसरट झाली, म्हणून शेवटी दिशाने विहिरीच्या जागी जमिनीला नुसतं भोक पाडून दिलं आणि रविवारी मी सगळ्या हिस्सेदारांना चहाला बोलावलं. सुबोधच्या हातात माउस दिला. तो आधी कुत्सित हसत होता. मग फणसाखालून गेला, पायवाट चढला, वर पोचून खुर्ची पुढे ओढून बसला. आणि सरळ विहिरीत पडला! भोकाला ना भिंती, ना तळ. चहा झाला, पोहे झाले, तरी हा पडतोच आहे, सगळीकडे निळं आकाश. "ताई, यार, मी अजून पडतोय ना! खरी विहीर किती खोल आहे गं?"

नऊ हिस्सेदारांत कोणालाच ठाऊक नव्हतं, दादा. मलाही नाही. मग सुबोधच म्हणाला, "सही करायच्या आधी एकदा बघून तरी येऊ." दुसऱ्या शनिवारी आम्ही अकरा जण येतोय. मला इतका आनंद झालाय की मनगटाचं काही वाटत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
नलू

ता. क. पायवाटेवरचं गवत काढून ठेव. सुबोध सापाला भितो आणि परत फिरायला त्याला निमित्त पुरतं.

ता. क. विहिरीत दोर सोडून खोली मोजून ठेव, पण कोणाला सांगू नकोस. त्यांना मोजू दे.

ता. क. आता खरं लिहिते. जूनमध्ये खाणवाल्याचा माणूस माझ्याकडे संमतीपत्र घेऊन आला होता. म्हटलं, आता कोण जातंय तिथे, मीच अकरा वर्षांत सडा चढलेले नाही. सगळ्यांत पहिली सही माझी आहे. सगळ्यांची पत्रं तुझ्याकडे जमा व्हायची असं तो म्हणाला होता, म्हणजे ते पत्र तुझ्याकडे आलंय, तरी तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. दादा, ते फाड. आम्ही यायच्या आत फाड.