पाकिटातली चिंधी

ता. ९ जानेवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं सगळं ठीक आहे म्हटलं आणि तू फणकाऱ्याने ठेवून दिलास. रागावू नकोस. आपला फोन अण्णांच्या पलंगाशेजारच्या कोनाड्यात आहे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात नेला, पाय नेला, पण कान काही नेले नाहीत. मी इकडे कुजबुजले तरी पडद्यापलीकडून खाकरणं ऐकू येतं. म्हणून पत्र लिहितेय. दिवसभर कारखान्याचा टेलिफोन सांभाळणाऱ्या बहिणीला पोस्टाने गाठायचं म्हणजे उलटी गंगाच, पण इलाज नाही.

अण्णांना आता लघवी झालेली कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. रोज चादर, रोज दुलई, कधीकधी गादीसुद्धा. मी काही कमी करत नाही. उकळतं पाणी, मूठभर साबण, वरून फिनेल, आणि चादर घातली की पावडर. हाताची सालं निघालीत.

पण काहीतरी चुकतंय. माझी गिऱ्हाइकं पूर्वी माप द्यायला यायची आणि तासभर बसायची, तुला माहीतच आहे. शाळेतल्या बाईंना तर बस म्हणावं लागत नसे, ऊठ म्हणावं लागे. आता त्यासुद्धा उंबऱ्यावरूनच कापड देतात आणि घाई आहे म्हणून निघतात. दोघींनी अर्धवट शिवलेले फ्रॉक परत नेले. एकीने तो बाहेर पडताना हात लांब करून धरला होता, ते मी खिडकीतून पाहिलं.

कोणी तोंडाने बोलत नाही. आणि मला काहीच वास येत नाही गं! इतके महिने यातच राहून माझं नाक मेलंय. विचारू कोणाला? अण्णांना विचारणार कसं?

म्हणून सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिंधी पाठवतेय. नव्या कोऱ्या कापडाची आहे, दोन दिवस मशीनच्या हँडलला बांधून ठेवली होती. हुंगून बघ आणि खरं ते कळव. ताईला वाईट वाटेल वगैरे लाड नकोत.

आणि येण्याचा विषय काढू नकोस. घर दाखवण्याजोगं झालं की मीच बोलावेन.

कळावे. लोभ आणि नाक, दोन्ही शाबूत ठेव.

तुझी,
ताई


ता. १७ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वास येतो. खरं मागितलंस म्हणून आधी तेच लिहिलं. पिशवी उघडली आणि हातातला चहा खाली ठेवावा लागला. आता रडायचं असेल तर रडून घे आणि मग पुढचं वाच, कारण यावर उपाय आहे आणि तो तुझ्या फिनेलात नाही.

सासूबाईंच्या वेळी मीही हेच केलं होतं. फिनेल ओतून ओतून घराला सार्वजनिक मुतारीची कळा आणली. सुवासाने वास जात नाही, दोघे जोडीने नांदतात. आणि उकळतं पाणी तर मुळीच नको, त्याने वास कापडात पक्का बसतो. तू डाग धूत नव्हतीस, रंगवत होतीस!

चादर ओली झाली की ताबडतोब गार पाण्याने खळखळून काढ. मग अर्ध्या बादलीत कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजत ठेव, त्यानंतर साबण, आणि मग कडक ऊन. गादी ओली झाली तर घासू नकोस, जुना टॉवेल दाबून दाबून ओल टिपून घे. पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून ते शिंपड, परत टीप, आणि वर खाण्याचा सोडा भुरभुर. पूर्ण वाळला की ब्रशने झाडून टाक. गादीवर मेणकापड, त्यावर जाड सुती कापड, मग चादर. ब्लीचिंग पावडर लघवीवरही घालायची नाही आणि व्हिनेगरमध्येही नाही, विषारी वाफ होते. मी एकदा केलं होतं, संध्याकाळपर्यंत खोकत होते.

आता मला खरी काळजी आहे ती सांगते. चिंधीला आला तो वास फार तिखट आहे, नाकात टोचतो. सासूबाई पाणी कमी प्यायच्या तेव्हा असाच यायचा, आणि शेवटी त्यांना त्यापायीच तापाने गाठलं. अण्णांच्या चादरीवरचा रंग बघ. गडद असेल तर त्यांच्या पोटात पाणी जात नाहीये.

इकडे ठीक. तुझे मेहुणे फिरतीवर आहेत, मुलगी हॉस्टेलवर. मी दिवसभर याची लाइन त्याला आणि त्याची हिला जोडून देते आणि घरी येऊन रेडिओ लावते, कोणीतरी बोलत असावं म्हणून. पत्र आलं तेव्हा बरं वाटलं, वासासकट.

कळावे. लोभ आहे तो भिजत घातला तरी विटणार नाही.

तुझी,
चिमी


ता. २ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

रडले. दाराला कडी लावून रडले आणि मग दुकानात जाऊन व्हिनेगरच्या पाच बाटल्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, हॉटेल काढताय की काय. मी हो म्हणून टाकलं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. गादी दोन दिवस गच्चीत उभी होती, तोवर अण्णांना माझ्या पलंगावर निजवलं. ते एवढंसं तोंड करून पडले होते. मला म्हणाले, मी त्यांना धुवून वाळत घातलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची जुनी थट्टा आहे ती, पण या खेपेला ते हसले नाहीत.

पाण्याचं म्हणशील तर तसं काही नसावं. सकाळी उशाशी तांब्या भरून ठेवते, दुपारी परत भरते, आणि दोन्ही वेळा तो रिकामा सापडतो. रंग मात्र गडद आहे, ते तुझं खरं. औषधांचा असेल.

गिऱ्हाईक अजून उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. काल दिवसभरात मी एकूण काय बोलले ते आठवून बघितलं. पोस्टमनला थांबा म्हटलं, अण्णांना कूस बदला म्हटलं, आणि सुईला मेली कुठे म्हटलं. बाकी मशीन बोलत होतं.

आणखी एक कटकट म्हणजे अण्णांच्या खिडकीतला मनीप्लँट. पानं पिवळी पडून गळतायत, बुडखा कुजलाय. मी रविवारचं पाणी घालते तेवढंच, तरी माती चिखलासारखी. घरात एक हिरवी गोष्ट होती, तीही चालली.

दुसरी चिंधी पाठवतेय. निकाल कळव.

कळावे. लोभ असू दे, या घरात सध्या तोच एक कोरडा आहे.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दुसरी चिंधी पास. काठावर, पण पास.

अगं पण ताई, तू दिवसभर सुईत दोरा ओवतेस आणि तुला एवढं दिसू नये? तांब्या रिकामा होतो, लघवी गडद होते आणि खिडकीतलं झाड पाण्याने कुजतं. अण्णांचा डावा हात खिडकीपर्यंत पोचतो ना?

त्यांच्यावर ओरडू नकोस. शेजारी बस आणि हळूच विचार. त्यांना हे का करावंसं वाटलं असेल, याचा मी काल झोपेपर्यंत विचार करत होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सासूबाई गेल्यावर मी त्यांची खोली आठवडाभर धुतली. गादी दिली, पडदे धुतले, उशीचे अभ्रे व्हिनेगरमध्ये घातले. मग एक दिवस दार उघडलं तर खोलीला कसलाच वास नव्हता. ज्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या तो तर गेलाच, पण त्यांच्या केसांच्या तेलाचा आणि पांघरुणाचा वासही गेला. अजूनही घरी आले की आधी त्या दारात उभी राहते. तुझे मेहुणे म्हणतात, वेडी आहेस.

लगेच कळव. या वेळी फोन केलास तरी चालेल.

लोभ आहेच, धीर पाठवतेय.

तुझी,
चिमी


ता. १८ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण बोलता आलं नसतं.

तुझं खरं निघालं. मी पलंगावर बसले आणि कुंडीतली ओली माती बोटावर घेऊन त्यांना दाखवली.  अण्णा हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, की बायका उंबऱ्यावरून परत जातात ते त्यांना ऐकू येतं. चपला काढल्याचा आवाज येत नाही. त्यांनी हिशेब केला, प्यायचं नाही म्हणजे व्हायचं नाही, आणि व्हायचं नाही म्हणजे लोक परत बसतील. माझा धंदा बुडू नये म्हणून, असं आधी म्हणाले. मग तोंड फिरवून म्हणाले, की पडद्यापलीकडे चाललेल्या त्या गप्पा त्यांनाही हव्या असायच्या. शाळेतल्या बाईंच्या सुनेचं पुढे काय झालं, ते अर्धवटच राहिलंय.

मला वाटत होतं, या घरात एकटी मीच पडलेय. तीन हातांवर हा माणूस तहानलेला पडून होता आणि आम्ही दोघं एकमेकांपासून तेच दुःख लपवत होतो. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. त्यांनी डाव्या हाताने माझा अंबाडा थोपटला, लहानपणी डोकं थोपटत तसाच, बेताल.

आता आमचा करार झालाय. मी एक पेला प्यायचा, त्यांनी एक. डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी तपासून औषध दिलंय. रंग फिका होतोय. अर्थात धुणं दुप्पट झालंय, पण होऊ दे. पडदा काढून टाकला. मशीन त्यांना दिसेल असं वळवून घेतलं, आणि ते तिथून माझ्या शिवणीत चुका काढतात.

परवा बाई आल्या तेव्हा मी उंबऱ्यावरच सरळ सांगून टाकलं, की वडिलांना लघवी कळत नाही, मी दोनदा धुते, तरी थोडा वास येत असेल, आत यायचं तर या. त्या लाल झाल्या. मग चपला काढल्या आणि आत येऊन बसल्या. सुनेचं सगळं सांगितलं, अण्णांकडे तोंड करून. बाकीच्या अजून आलेल्या नाहीत. येतीलच असं नाही.

मी बरी आहे. तू दगदग करू नकोस.

कळावे. लोभ होता तसाच आहे, तूही पाणी पीत जा.

तुझी,
ताई


ता. १ मार्च

चि. चिमणीस, अण्णांचे आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस. पत्र बाईंच्या हाती टाकायला देतोय, ताईला ठाऊक नाही.

तुमच्या चिंध्या मला कळल्या होत्या. शिंप्याच्या घरातून चिंधी गेली तर शिंप्याला कळते. आता माझीही एक पाठवतो, माझ्या चादरीच्या कडेची. ताई म्हणते, वास गेला. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. तू लहानपणापासून तोंडाची फटकळ, तू खरं सांगशील.

कडा दुमडून टाचली आहे. टाके वाकडे आलेत. पण उसवती चिंधी मी कधी कोणाला दिली नाही.

ताई फार एकटी आहे. ती तुला ये म्हणणार नाही. मी म्हणू का, ते कळत नाही. तुलाही तुझा व्याप आहे.

लोभ ठेवतेसच. हात दुखला.

अण्णा


ता. ८ मार्च

ती. अण्णांस, शि. सा. नमस्कार. वि. वि.

खरं सांगते. लघवीचा वास अगदी थोडा येतो, नाक लावून शोधला तर. व्हिनेगरचा त्याहून जास्त. थोडा उन्हाचा आहे, थोडा मशीनच्या तेलाचा, आणि या सगळ्यांच्या खाली तुमचा आहे, तुम्ही मला खांद्यावर घेऊन आपल्या शिवणाच्या दुकानात न्यायचात तेव्हाचा. टाके वाकडेच आहेत. चिंधी परत पाठवत नाही, आणि ती मी धुणारही नाही.

टेलिफोनवर माझ्या जागी बसायला माणूस मिळत नाही, असं मी इतके महिने स्वतःला सांगत आले. काल साहेबांकडे जाऊन विचारलं तर एका दिवसात मिळाला.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. ताईला सांगू नका, ती घर धुवत बसेल. पलंगाशेजारी एक खुर्ची तेवढी मोकळी ठेवा, आणि शनिवारी दाराकडे कान असू द्या. चपला काढल्याचा आवाज येईल.

तुमची,
चिमी