केम्बाबाझी म्हणते

४ मार्च, मंगळवार

केम्बाबाझी म्हणते, केम्बाबाझी म्हणते – कान किटले! सत्तावीस वर्षं या पोराला मी न्हाऊमाखू घातलं, शर्टाची बटणं लावली, कोणी खुळा म्हटलं की त्याच्या दारात जाऊन भांडले. आणि हा शेतकाम शिकायला त्या केंद्रात जायला काय लागला, याच्या तोंडी त्या शिकवणाऱ्या पोरीचंच नाव. सेबुन्या, अरे, मग मी कोण?

७ मार्च, शुक्रवार

आज माझ्या केळीत शिरला. आमच्यात केळीची बाग बाईची. नवरासुद्धा विचारल्याशिवाय पान तोडत नाही. याने विचारलं नाही. कोयता घेतला, दर बुंध्याला आई, लेक, नात अशी तीनच झाडं ठेवली, बाकी पिलं उडवली. "केम्बाबाझी म्हणते, गर्दी झाली की घड बारीक पडतो."

बरोबरच आहे. म्हणून तर जास्त झोंबलं. मी वर्षानुवर्षं हेच सांगत होते, तेव्हा हा कोंबड्यांमागे पळायचा.

शेजारची नामुकासा कुंपणावरून म्हणाली, "पोरगा हुशार झाला गं." झाला म्हणे! आधी काय दगड होता?

९ मार्च

कच्च्या केळ्यांचं मटोके पानात बांधून वाफवलं, शेंगदाण्याची आमटी केली. म्हणाला, केंद्रातलं जास्त मऊ असतं. मी जेवले नाही.

१३ मार्च, गुरुवार

केंद्राचा निरोप. कालुंगूच्या एका मळ्यावर त्याला कामाला घेतायत, ईस्टरनंतर. तिथेच राहायचं. माझा होकार हवाय.

त्या केम्बाबाझीचंच काम असणार. गुराढोरांच्या मुलखातली पोर, माझा मुलगा घेऊन निघाली! कळवलं – त्याला एकट्याला झोप येत नाही. खोटं. तो केव्हाच एकटा झोपतो. मलाच येत नाही.

१८ मार्च

ताप आहे सांगून घरी ठेवला. दिवसभर चपला घालून दारात बसून होता.

२० मार्च, गुरुवार

ती आली. अंगणात रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला. विचारपूस संपल्याशिवाय तिला उठता येईना, म्हणून मी मुद्दाम लांबवली – घरचे कसे, वाट कशी, पाऊस कसा. तिने शांतपणे सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला एकदा बघायचंच होतं. मी काहीही शिकवलं की हा मान हलवतो. 'आई म्हणते, पाला खोडाला टेकवायचा नाही, किडे चढतात.' मळेवाला आला तेव्हाही हेच चाललं होतं, म्हणून तर त्याने याला निवडला. माझं तिथे कोण ऐकतं? खरं सांगू, राग येतो तुमचा."

मी तिला हाताला धरून उठवलं. होकार दिला.

२२ एप्रिल, मंगळवार

बस सुटली. सेबुन्या पुढे ड्रायव्हरशी बोलत बसला होता. मागे वळून पाहिलं नाही – माझ्याकडे नाही, तिच्याकडेही नाही. आम्ही दोघी रस्त्यातच उभ्या. मी म्हटलं, चल, दोन घास खाऊन जा.