खूण वर

बीडीडी चाळ, वरळी
३ ऑगस्ट २००७

तीर्थरूप बाबांना सुमेधाचा नमस्कार.

इकडे मी मजेत. आईच्या गुडघ्याचं तेल पार्सलने धाडलंय. फोनवर तुम्ही "बरं, बरं" करून आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. हे तरी तुम्हालाच वाचावं लागेल.

गेल्या आठवड्यात माझी नोकरी जाता जाता राहिली. आमचं मापाचं मशीन सांगितलं होतं ना? खाली उजेड, वर कॅमेरा, मध्ये सुटा भाग. त्याची सावली पडद्यावर येते, तिच्यावर कॉम्प्युटरमधलं मूळ ड्रॉइंग बसवायचं. रेघेवर रेघ बसली की हिरवं, सरकली की लाल. परळच्या एका लहान वर्कशॉपमधून चारशे लोखंडी पट्ट्या आल्या. कडा तंतोतंत बसल्या, भोकं मात्र सगळी लाल. मी अख्खा माल नापास केला. साहेब म्हणाले, या वर्कशॉपचं काम आजपासून बंद.

दुसऱ्या दिवशी म्हातारे मालक स्वतः आले. भांडले नाहीत. एका पट्टीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गो बाय, उलटी ठेवलंस. खूण वयर होयी."

कानशीने मारलेली बारीकशी खाच होती. भोकं मध्यापासून किंचित डावीकडे. पट्टी पालथी ठेवली की ती उजवीकडे दिसणारच. मशीन बिचारं खरं सांगत होतं, अक्कल माझी कमी पडली.

आणि बाबा, ती खाच मी ओळखली. आपल्या दाराच्या कडीवर आहे, आईच्या किसणीवर आहे. तुम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर आहे.

साहेबांसमोर मी चूक कबूल केली. चारशेही पट्ट्या पुन्हा लावल्या. सगळ्या हिरव्या! साहेब तासभर तापले, मग त्यांनीच चहा मागवला. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता जे सांगायचं टाळतेय ते. ते मालक म्हणजे दौलतकाका. मिलमध्ये तुमच्या हाताखाली फिटर झालेले, आणि संप चालू असताना कामावर परत गेलेले. आपल्या घरात तेव्हापासून त्यांचं नाव निघत नाही. मी तुमचं नाव सांगितलं तर त्यांच्या हातातली पट्टीच खाली पडली. रविवारी मी त्यांच्याकडे जेवून आले. रागावा खुशाल.

"ही खूण तुझ्या बापाशीनच शिकवलेली माका," ते म्हणाले. "संपात माझा पोर हॉस्पिटलात होता. ता सांगूक इललंय, पण तुझ्या बापाशीन दार उघडल्यान नाय."

ते दाराशी आले होते, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

गणपतीला ते गावी येतायत. मी "या" म्हटलंय, तुम्हाला न विचारता. मी चारशे पट्ट्या एका दिवसात पुन्हा तपासल्या, बाबा. तुम्हाला एकच माणूस पुन्हा पाहायचाय. सोबत एक पट्टी ठेवलीय, साहेबांना विचारूनच. खाचेवर अंगठा फिरवून बघा, हात अजून तुमचाच आहे.

या वेळी दार उघडा.

तुमची,
सुमेधा