डावरी राणी

बाई,

ती राणी डावरी नव्हती. मागच्या आठवड्यात नातीनं मोबाइलवर तो जुना पिक्चर शोधून दिला, आपल्या सोनाळ्याला जत्रेत तंबूत लागला होता तोच. राणी दरबारात येते, म्यानातून तलवार उपसते, आणि उपसते ती उजव्या हातानं! मी ओरडलेच, "उलटं लावलं व तू!" नात म्हणाली, "आजी, मोबाइलवर उलटं कसं लागेल?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तंबूत पडदा मधोमध असायचा. समोरून माणसं बसायची, मागून बाया. पडद्याच्या पाठीकडून पाहिलं की डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. गावातल्या झाडून साऱ्या बायांनी ती राणी डावरी पाहिली, माणसांनी उजवी पाहिली, आणि घरी येऊन कोणी कोणाशी त्यावर बोललं नाही. बायांना पिक्चर कसा होता म्हणून विचारतं कोण!

तुम्ही तो खामगावला खुर्चीवर बसून, समोरून पाहिला होता. तुम्हाला काही तो आवडला नव्हता. वर्गात तुम्ही तावातावानं सांगितलं होतं, "चौदा वर्साची पोर दाखवाची, अन् भुवया कोरून, ओठ रंगवून उभी केली. नऊवारीखाली उंच टाचेच्या चपला! मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वण दिसते, त्याच्यावर निदान पावडर त लावा!" सारा वर्ग हसला. मीही हसले, पण माझा जीव त्या राणीवर जडला होता. मला तो वण दिसलाच नव्हता. मला दिसली होती माझ्याच वयाची पोरगी, जिला कोणी न विचारता लग्न लावून एवढ्या मोठ्या महालात आणून टाकलं, जी दिवसभर रंगीत काचांच्या खोलीत झोपाळ्यावर बसून द्राक्षं खाते आणि जांभया देते, आणि एक दिवस उठून तलवार मागते. माझ्यासाठी तेव्हा स्थळ पाहणं सुरू झालं होतं. आता तुम्हीच सांगा, मला चपला दिसणार होत्या का?

आत्यानं मला चोरून नेलं होतं, दिवेलागणीच्या खेळाला. पडद्यावर नावं येऊन गेल्यावर आम्ही कनातीखालून आत शिरलो. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तंबूत पाय ठेवला त शाळा बंद." त्यांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. गॅदरिंगच्या नाटकात मला तीच राणी करायची म्हणून तुम्ही आमच्या मळ्यात आलात, वांग्याच्या वाफ्यात चिखलात उभ्या राहिलात, अर्धा तास. शेवटी बाबा म्हणाले, "करू द्या. पण लोकं हासले, पोरीचं नाव निंघालं, त लग्नाचा मांडव लवकर पडन, सांगून ठेवतो." तुम्ही "माह्यावर सोपवा" म्हणालात. मी पाटाच्या कडेला उभी राहून ऐकत होते. मॅट्रिकला दोन वर्षं होती.

तालमीत तुम्ही मला सगळं उजव्या हातानं शिकवलं होतंत. मी तसंच करत होते, पण मनात म्हणत होते, बाईंना काय माहीत! खरी राणी मी पाहून आलेय. मग गॅदरिंगचा दिवस उजाडतो. दुपार आहे, बाकं जोडून केलेल्या स्टेजसमोर अख्खं गाव बसलंय, बाबा पुढच्या रांगेत. पडद्यामागं मी पदर सोडते आणि उजव्या खांद्यावरून घेते. तलवार उजव्या कमरेला खोचते. तुम्ही तिकडे पेटीवाल्याला सूर सांगताय, तुमचं लक्ष नाही. मी बाहेर येते, विडा डाव्या हातानं उचलते, आणि डाव्या हातानं तलवार उपसायला जाते, ती म्यानात अडकते. मागून कोणी तरी ओरडतं, "काय व, हे डावरी राणी कुठून आणली!" आणि असा हशा पिकतो, बाई, की माझं पुढचं वाक्य मलाच ऐकू येत नाही.

बाबा स्टेजमागं आले. हेडमास्तर त्यांच्या मागं. बाबांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती जास्त. "हे सोंग कुठून शिकली? तंबूत गेलती का?" मला शाळेच्या पायऱ्या दिसत होत्या आणि मांडव दिसत होता. मी तुमच्याकडे बोट केलं. "बाईनंच सांगतलं असं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हाव. मीच सांगतलं. चूक मायी हाय, पोरीले काही बोलू नोका." बाबा चारचौघांत म्हणाले, "मंग कायच्या मास्तरीनबाई तुमी? डावं-उजवं समजत नाही, अन् आमच्या लेकराइले राजे-रान्या शिकवता!" हेडमास्तरांनी मान खाली घातली होती. तुम्हीही.

इतिहास तुमच्याकडून काढून घेतला. शिवणाचा वर्ग दिला. पोरं तुमच्या मागं "डावरी बाई" म्हणायची, आणि ज्या खोलीत तुम्ही गडकिल्ल्यांचे नकाशे काढायच्या तिथं काजं-बटणं शिकवायला लागलात. मला वाटायचं, आज ना उद्या तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन विचारणार, काऊन व असं केलं? नाही विचारलंत. एकदाच, मॅट्रिकच्या आदल्या दिवशी, तुम्ही तुमचा पेन माझ्या हातात ठेवलात आणि हसून म्हणालात, "उजव्या हातानं लिहिजो." मी पाया पडले. तेवढ्यात सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं. त्या पेनानं मी पास झाले, पुढं शिकले, मास्तरीण झाले, आणि इतिहासच शिकवला.

हा कागद कुठं पाठवणार? तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. पेनच्या जुन्या डबीत घालून ठेवेन. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि तीच टाळत इथवर आले. डावऱ्या राणीची ही गोष्ट मी उभ्या जन्मात कितीदा सांगितली असेल. मधल्या सुट्टीत, सहलीला, लग्नाच्या पंगतीत. लोक पोट धरधरून हसतात. पण माझ्या गोष्टीत तंबू नसतो, बाई. माझ्या गोष्टीत एक इतिहासाच्या बाई असतात, ज्यांना डावं-उजवं कळत नसतं. त्या दिवशी पिक्चर संपल्यावर नातीनं विचारलं, "आजी, तू एवढी दचकलीस का?" खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि सवयीनं तीच गोष्ट सांगितली. ती खळखळून हसली. म्हणाली, "कसल्या गं तुझ्या बाई!"

मीही हसले.